ओळींची शिस्त आणि अनेकांचे काम

मुक्त आज्ञावलीचे काम म्हणजे मुकादमावाचून चालणारा कारखाना, असे श्रोत्यांपैकी कित्येकांना वाटत असेल. ते अर्धेच खरे आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभलेल्या लिनक्समध्ये आजवर देशोदेशींच्या हजारो हातांनी भर घातली आहे. इतके हात एका मजकुरावर चालू लागले, की ओळ किती आत घ्यावी आणि कंस कोठे उघडावा, असे प्रश्न उभे राहतात. लिनक्सच्या नियमाप्रमाणे ओळ आठ अक्षरांइतकी आत घ्यावयाची असते.

बहुतेक संगणकभाषांत यंत्राला या मांडणीचे सोयरसुतक नसते. पायथन हा ठळक अपवाद. मग हा खटाटोप कशासाठी? वाचणाऱ्या माणसासाठी. एकाने एकच ओळ सुधारली आणि जाता जाता दोनशे ओळी आपल्या आवडीप्रमाणे सरकवल्या, तर तपासनिसाला त्या दोनशेंतून खरा बदल हुडकावा लागतो. नजर थकते आणि चूक निसटते.

चूक निसटली तर काय होते, हे २०१४ च्या फेब्रुवारीत दिसले. ॲपलच्या आज्ञावलीत एका अटीखालची ‘गोटू फेल’ ही ओळ दोनदा पडली होती. दुसरी ओळ अटीच्या आत असल्यासारखी दिसे. वस्तुतः ती अटीबाहेर असल्याने दरवेळी अमलात येई. परिणामी सुरक्षित जोडणीतील सही तपासलीच जात नसे. मांडणी यंत्राकडून करून घेतली असती, तर ती ओळ डावीकडे सरकून उघडी पडली असती. पुढे २०१६ साली जीसीसी या भाषांतरक आज्ञावलीत अशा फसव्या मांडणीबद्दल इशारा देण्याची सोय आली.

आता नियम कोणाच्या आवडीचा? आम्ही संघटनेची कामे करणारी माणसे. क्षुल्लक बाबींवर सभा रात्रभर चालते आणि पगारवाढीचा ठराव तसाच राहतो, हे आमच्या परिचयाचे आहे. म्हणून नियम आधी ठरावा आणि तो पुढाऱ्याला व नवख्याला सारखाच लागू व्हावा. २००९ साली जाहीर झालेल्या गो भाषेने मांडणी ‘गोफमट’ या साधनाकडे सोपवली. पायथनसाठी २०१८ साली ‘ब्लॅक’ आले. माणसाने माणसाला टोकण्यापेक्षा यंत्राने टोकलेले बरे. त्यात मानापमान उरत नाही.

मात्र जुन्या कामावर नवा नियम लादताना विवेक हवा. सगळी मांडणी एकदम बदलली, की कोणती ओळ कोणी व का लिहिली, हा इतिहास झाकला जातो. यास्तव असा बदल स्वतंत्रपणे, दुसऱ्या कोणत्याही दुरुस्तीत न मिसळता करावा. इतिहास पाहताना असे बदल वगळण्याची सोय गिटमध्ये २०१९ पासून आहे.

नीटस मांडणी म्हणजे निर्दोष काम नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. परंतु दोष सर्वांना दिसेल अशी जागा ती करून देते, आणि जेथे काम सर्वांचे, तेथे दोष पाहण्याचा हक्कही सर्वांचाच असला पाहिजे.