मटका, चिंचोके आणि 'आणखी एकच डाव'

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. साहित्य अगदी साधे आहे : एक मडके, हजारभर चिंचोके आणि ० ते ९ आकडे लिहिलेल्या दहा सारख्या चिठ्ठ्या. वर्गात ४० मुले आहेत असे धरू. प्रत्येकाला २० चिंचोके द्या. उरलेले चिंचोके 'बँके'कडे, म्हणजे शिक्षकांकडे राहतील. प्रत्येक डावात प्रत्येकाने आपल्या वहीत एक आकडा लिहायचा आणि एक चिंचोका बँकेत भरायचा. मग एका मुलाने डोळे मिटून मडक्यातून चिठ्ठी काढायची. ज्याचा आकडा लागेल त्याला बँकेने नऊ चिंचोके द्यायचे. चिठ्ठी पुन्हा मडक्यात टाकायची, मडके हलवायचे आणि पुढचा डाव सुरू करायचा. असे वीस डाव खेळा. पैसे मात्र, अगदी पाच-दहा पैशांची जुनी नाणीसुद्धा, वापरू नका.

खेळ सुरू झाला की दोन गोष्टींची नोंद ठेवा. पहिली नोंद चिंचोक्यांची. दुसरी नोंद मुलांच्या बोलण्याची : "सात खूप वेळ आला नाही, आता येणारच", "अरे, थोडक्यात हुकला!", "सर, आणखी एकच डाव!" या लेखाचा सगळा विषय या तीन वाक्यांत आहे.

आधी गणित

चाळीस मुलांचे वीस डाव म्हणजे ८०० चिंचोके लावले गेले. आकडा लागण्याची शक्यता दहात एक. म्हणून सरासरीने ८० वेळा आकडा लागेल आणि बँक ७२० चिंचोके परत देईल. उरलेले ८० बँकेचे. प्रत्यक्षात आकडा इतका नेमका येणार नाही. एखाद्या वर्गात बँक चक्क तोट्यातही जाईल. तसे झाले तर निराश होऊ नका. चार तुकड्यांत हाच प्रयोग करून सगळे आकडे एकत्र मांडा, किंवा आठवडाभर रोज थोडे डाव खेळा. डावांची संख्या वाढत जाईल तसा बँकेचा वाटा दहा टक्क्यांच्या जवळ सरकत जाईल. खेळणाऱ्याचे नशीब एका डावात ठरते, बँकेचे नशीब हजारो डावांत. म्हणून बँकेला नशिबाची गरजच नसते.

आता दहा डाव झाल्यावर थांबून विचारा, "एकदाही आकडा लागला नाही अशी मुले किती?" दहात एक शक्यता म्हणजे दहा डावांत एकदा लागणारच, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्येक डावात न लागण्याची शक्यता ०.९ आहे. ०.९ ला ०.९ ने गुणत दहा डावांपर्यंत गेलो की सुमारे ०.३५ येते. म्हणजे ४० मुलांपैकी सरासरीने चौदा जणांचे हात रिकामे राहतात.

आणखी एक हिशेब फळ्यावर करा. एखादा माणूस १०० रुपये लावतो, जे परत येतील ते पुन्हा लावतो आणि असेच चालू ठेवतो. सरासरीने शंभराचे नव्वद होतात, नव्वदचे एक्याऐंशी. सात फेऱ्यांनंतर ४८ रुपयांच्या आसपास राहतात आणि बावीस फेऱ्यांनंतर दहासुद्धा उरत नाहीत. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण ते प्रत्येक फेरीला कापले जातात. जुगारात टक्क्याइतकाच वेगही महत्त्वाचा असतो तो यामुळे. कॅसिनोतल्या रुलेटच्या युरोपीय चाकावर ३७ खाने असतात आणि आकडा लागला तर लावलेल्या एका रुपयाचे ३६ मिळतात. मालकाचा वाटा ३७ मध्ये १, म्हणजे केवळ २.७ टक्के! पण समजा तासात ४० फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीला कोणी १०० रुपये लावले, तर तासाभरात ४,००० रुपये चाकावरून फिरतात आणि सरासरीने १०८ रुपये जातात. दिवसातून एकदाच १०० रुपये लावणाऱ्याचे दहा टक्क्यांनी दहाच रुपये गेले असते. हातातल्या फोनवर तर पुढची फेरी काही सेकंदांत येते.

मडक्याला आठवण नसते

आपला प्रयोग म्हणजे मुंबईच्या मटक्याचे सोपे रूप आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होणारे भाव मुंबईला येत आणि त्यांच्या आकड्यांवर पैसे लावले जात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हा मार्ग बंद झाला, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची युक्ती निघाली आणि जुगाराला नावही मिळाले. पुढे चिठ्ठ्यांची जागा पत्त्यांनी घेतली, पण नाव कायम राहिले. गिरणगावातल्या कामगारांपासून पेढीवरच्या शेठपर्यंत अनेकजण 'ओपन' आणि 'क्लोज'ची वाट पाहत. एका आकड्याला रुपयामागे साधारण नऊ रुपये, हा भाव तिथलाच.

मटका खेळणारे जुन्या निकालांचे तक्ते जपून ठेवतात. कोणता आकडा किती दिवस आला नाही ते पाहून आजचा आकडा 'काढतात'. कोणी स्वप्नाचा अर्थ लावतात, कोणी आकडा सांगणाऱ्या बाबाकडे जातात. यामागची चूक एकच : मडक्याला आधीचे निकाल आठवत असावेत, असे मानणे. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला. आता लाल येणारच, म्हणून लोक वाढत्या रकमा लालवर लावत गेले आणि बुडाले. सत्ताविसाव्या फेरीत लाल येण्याची शक्यता पहिल्या फेरीत होती तेवढीच होती.

"थोडक्यात हुकला" याचेही असेच आहे. गोट्या खेळताना नेम थोडक्यात हुकला तर त्याला अर्थ असतो. हात बसत चालला आहे, पुढच्या वेळी लागेल. आपला मेंदू अशा हुकण्यातून शिकतो आणि पुन्हा प्रयत्न करायला लावतो. पण सात लावला आणि आठ आला, यात 'जवळ' काहीच नाही. मडक्यात सात आणि आठ हे शेजारी नसतात. मेंदूला मात्र हा फरक चटकन कळत नाही. केंब्रिज येथील ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले, की थोडक्यात हुकल्यावर मेंदूचे जे भाग उत्तेजित होतात त्यांपैकी काही जिंकल्यावर उत्तेजित होणारेच असतात. हुकणे लोकांना आवडत नाही, तरी पुन्हा खेळण्याची इच्छा त्याने वाढू शकते.

आकडा आपण स्वतः निवडला की हा भ्रम आणखी घट्ट होतो. एलेन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक डॉलरची लॉटरीची तिकिटे काहींना स्वतः निवडू दिली, काहींना नुसती हातात दिली. नंतर ती परत विकत मागितल्यावर, नुसते तिकीट मिळालेल्यांनी सरासरी दोन डॉलरच्या आसपास किंमत सांगितली. स्वतः निवडणाऱ्यांनी आठ डॉलरहून अधिक सांगितली. तिकीट लागण्याची शक्यता दोघांचीही सारखीच होती.

गणित समजूनही माणूस का थांबत नाही?

इथपर्यंत वाचून वाटेल, की लोकांना संभाव्यता नीट शिकवली म्हणजे प्रश्न मिटला. तसे नाही. सोळाव्या शतकातला कार्दानो हा फाशांच्या शक्यतांचे गणित मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी एक. तो स्वतः जुगारात गुंतलेलाच होता. म्हणजे कारण आणखी खोल असले पाहिजे.

घरातला दिव्याचा खटका घ्या. रोज दाबला की दिवा लागतो. एक दिवस लागला नाही, तर आपण दोन-तीनदा खटका दाबतो आणि सोडून देतो. आता जुना रेडिओ आठवा, थोपटल्यावर कधी चालणारा, कधी न चालणारा. तो अगदी बिघडला तरी आपण कितीतरी वेळ थोपटत राहतो. कधी दुसऱ्या थापेला चालला होता, कधी पंधराव्या. मग सोळाव्या थापेला का थांबावे? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर हेच पाहिले. ठरावीक टोचांनंतर दाणा मिळणाऱ्या कबुतरांपेक्षा, केव्हा मिळेल याचा नेम नसलेली कबुतरे अधिक चिकाटीने टोचत राहत. दाणे बंद झाल्यावरही ती लवकर थांबत नसत.

मेंदूत त्या वेळी काय घडते? वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचा अभ्यास केला. अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की या पेशी जोरात संदेश देत. रस येण्याआधी ठरलेली खूण दाखवत गेले, तर काही काळाने पेशी खुणेलाच प्रतिसाद देत, रसाला नाही. अपेक्षित रस आला नाही तर त्या क्षणभर गप्प होत. २००३ साली त्यांच्या गटाला आणखी एक गोष्ट आढळली. खुणेनंतर रस मिळण्याची शक्यता अर्धी-अर्धी असेल, तर वाट पाहण्याच्या काळात पेशींची हालचाल हळूहळू चढत जाई. मिळणारच किंवा मिळणार नाहीच अशी खात्री असेल तेव्हा असा चढ दिसत नसे. बक्षिसाइतकीच 'येईल की नाही' ही अवस्थाही मेंदूला जागे ठेवते, असा याचा अर्थ लावला जातो.

याला रुग्णालयांतून एक अनपेक्षित पुरावा मिळाला. कंपवाताच्या काही रुग्णांना डोपामिनसारखे काम करणारी औषधे देतात. त्यांपैकी काहींना, पूर्वी कधीही जुगार न खेळलेल्या माणसांनाही, जुगाराची अनावर ओढ लागली. औषध कमी केल्यावर किंवा बदलल्यावर ती बऱ्याच जणांत ओसरली. या माणसांचे चारित्र्य गोळीने बिघडले आणि गोळी थांबल्यावर सुधारले, असे आपण म्हणू का?

छंद केव्हा आजार होतो

जुगार खेळणारा प्रत्येकजण आजारी होतो असे नाही. काहीजण मात्र अडकतात. लहान वयात सुरुवात, पहिल्याच दिवसांत मोठी रक्कम जिंकणे, नैराश्य, दारू, घरातच जुगार असणे, या गोष्टींनी धोका वाढतो. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली या स्थितीला आजार म्हणून मान्यता दिली आणि २०१३ साली दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या वर्गात तिला स्थान दिले. त्यांनी नऊ लक्षणे सांगितली आहेत : तीच मजा येण्यासाठी रक्कम वाढवावी लागणे, कमी करायला गेले की चिडचिड होणे, थांबण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसणे, मनात सतत तोच विचार असणे, मन खिन्न असताना खेळणे, गेलेले पैसे भरून काढायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे, खोटे बोलणे, नोकरी, शिक्षण किंवा नाती धोक्यात येणे, आणि पैशांसाठी इतरांवर अवलंबून राहणे. वर्षभरात यांपैकी चार किंवा अधिक लक्षणे दिसली तर हा आजार समजतात.

यातले सगळ्यांत घातक लक्षण म्हणजे गेलेल्या पैशांचा पाठलाग. हरलेला माणूस आता खेळायला बसतो तो जिंकण्यासाठी नव्हे, बरोबरीत येण्यासाठी. युधिष्ठिर आणि नल या दोघांच्याही कथा याच उतरणीवरून जातात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या चौतिसाव्या सूक्तात बेहड्याच्या फळांचे फासे खेळून घर गमावलेल्या जुगाऱ्याचे दुःख आले आहे. दारूचा वास येतो, जुगाराला वास नसतो. त्यामुळे घरच्यांना कळते तेव्हा बहुधा दागिने गहाण पडलेले आणि सावकार दारात आलेला असतो. लाज आणि कर्ज एकत्र आले की आत्महत्येचा धोका वाढतो, म्हणून ही बाब थट्टेवारी नेण्याची नाही.

शिक्षक काय करू शकतात

महाराष्ट्रात मटका १८८७ च्या जुगारबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. पण बंदी आली म्हणून ओढ नाहीशी होत नाही. एखादा विद्यार्थी वरचेवर उसने पैसे मागतो, फीचे पैसे 'हरवतो', रात्र जागून वर्गात पेंगतो, सामन्याच्या दिवशी विलक्षण अस्वस्थ असतो. याची इतर कारणेही असू शकतात, म्हणून आरोप करू नका. एकट्याला बाजूला घेऊन शांतपणे विचारा. चारचौघांत केलेली खरडपट्टी त्याला आणखी खोटे बोलायला शिकवते.

पालकांनाही एक गोष्ट सांगावी लागते. सगळे कर्ज एकरकमी फेडून "आता पुन्हा करू नकोस" म्हटल्याने सहसा भागत नाही. डाव पुन्हा शून्यापासून सुरू करायला मोकळीक तेवढी मिळते. देणे कोणाचे किती ते कागदावर मांडावे, पैशांचे व्यवहार काही काळ दुसऱ्याच्या हाती द्यावेत आणि मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. विचारांतल्या चुका ओळखायला आणि ओढ टाळायला शिकवणाऱ्या वर्तनोपचारांचा चांगला उपयोग होतो. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.

आता पुन्हा चिंचोक्यांकडे वळू. वीस डाव संपल्यावर "आणखी एकच" म्हणणाऱ्या मुलांना हसू नका. त्यांनाच फळ्याजवळ बोलवा आणि विचारा, "तुला आणखी का खेळावेसे वाटले? चिंचोक्यांचे तर काही मोलही नाही." पहिल्यांदा ती लाजतील, मग एखादा प्रामाणिकपणे सांगेल, "आता लागेल असं वाटत होतं." ते वाक्य फळ्यावर लिहा आणि शेजारी ०.९ चा गुणाकार मांडा. दोन्ही एकत्र पाहिलेल्या मुलाला पुढे कधी फोनवर किंवा टपरीवर तसेच वाटले, तर ते वाटणे ओळखीचे असेल. आणि ते पेलवेनासे झाले तर कोणाशी बोलावे, हेही त्याला ठाऊक असेल.