शेजार सोडणाऱ्या पेशी

नेवासे तालुक्यातले शनिशिंगणापूर ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळाच. घरांना चौकटी आहेत, दारे नाहीत, ही तिथली परंपरा. २०११ साली युको बँकेने तिथे काढलेली शाखासुद्धा 'बिनकुलपाची' म्हणून गाजली. (चोरीच्या तक्रारी तिथेही झाल्या, ही गोष्ट वेगळी!)

आपल्या शरीराचा कारभारही बराचसा बिनकुलपाचाच. अन्ननलिकेच्या अस्तरातल्या चपट्या पेशी जागेवर राहतात, त्या शेजारणीचा हात धरून. हा हात म्हणजे 'ई-कॅडहेरिन' नावाचे प्रथिन. ते घडवण्याची कृती एका जनुकात लिहिलेली असते.

आता गंमत पाहा. डोळ्याची पेशी असो की जठराची, जनुकांची पोथी दोघींकडे एकच. फरक पडतो तो कोणता अध्याय वाचला जातो यात. या वाचनाला शास्त्रज्ञ जनुकाची 'अभिव्यक्ती' म्हणतात. तंबाखू, दारू यांनी पोथीतली अक्षरे बिघडतात आणि कर्करोग सुरू होतो. पण तो पसरतो तेव्हा पुष्कळदा अक्षर शाबूत असते, वाचनच बदललेले असते. 'स्नेल', 'ट्विस्ट' ही जनुके गर्भावस्थेत पेशींना इकडून तिकडे हलवण्यासाठी लागतात. पुढे ती बहुतेक पेशींत गप्प बसतात. गाठीत ती पुन्हा बोलू लागतात आणि ई-कॅडहेरिनचा अध्याय मिटवतात. हात सुटतो. भोवतालचे बंध विरघळवणारी विकरेही वाढतात, आणि पेशी वाट काढत लसिकावाहिनीत शिरते.

अन्ननलिकेत हे लवकर घडते. तिला जठरासारखे बाहेरचे आवरण बहुतांशी नाही, आणि लसिकावाहिन्या अस्तराच्या अगदी जवळ. शिवाय नळी ताणली जाणारी, त्यामुळे अडथळा बराच वाढेपर्यंत जाणवत नाही. ऊतीच्या तुकड्यात ई-कॅडहेरिन कमी आढळले तर आजार पसरलेला असण्याचा संभव अधिक, असे संशोधन सांगते. मात्र केवळ त्यावर उपचार ठरत नाहीत.

आपल्या घरांतले चित्र मात्र ठरलेले. भाकरी छातीत अडकते, मग ती दुधात कुस्करायची. तीही उतरेना की पेज. "पित्त असेल," म्हणत महिने जातात. मला वाटते, खरा घात इथेच होतो. घास अडकणे दोन-तीन आठवडे टिकले, वजन उतरू लागले, तर दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. त्यासाठी दर वेळी मुंबईचे टाटा रुग्णालयच गाठावे लागते असे नाही. जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयांतही ही तपासणी होते, आणि तिला बहुधा अर्धा तासही लागत नाही.