कूलंटमध्ये पाणी किती आणि कोणतं? स्पेअर्सच्या काउंटरवर बसण्याआधी हे पक्कं करा



ऑटो स्पेअर्सचं दुकान, ऑइलचं काउंटर किंवा छोटं सर्व्हिस सेंटर टाकायचं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांच्यासाठी आजचा विषय. व्हिडिओत फळ्यावर मांडलेला हिशोब इथे सविस्तर लिहून देतोय. वहीत उतरवून घ्या.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "दादा, एक लिटर कूलंट द्या." आपण बाटली देतो, पैसे घेतो, झालं. पण बाटलीत पाणी घालायचं की नाही, घालायचं तर कोणतं आणि किती, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मग तो एक तर कॉन्सन्ट्रेट तसंच्या तसं ओततो, नाहीतर रेडीमेड कूलंटमध्ये आणखी नळाचं पाणी घालतो. दोन्हीकडून मार इंजिनालाच.

आणि इंजिनाचा मार म्हणजे काय, ते टेम्पोवाल्याला विचारा. गाडी घाटात गरम झाली आणि तशीच रेटली, तर हेड गॅस्केट जातं, अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकडं होतं. गाडी गॅरेजला उभी, भाडं बंद, बँकेचा हप्ता मात्र चालू. म्हणून हा विषय एका बाटलीच्या नफ्याचा नाही.

बाटलीत असतं काय?

बहुतेक गाड्यांच्या कूलंटमध्ये मुख्य तीन गोष्टी असतात: इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंज रोखणारी रसायनं. रंग फक्त ओळखण्यासाठी.

यात उष्णता वाहून नेण्यात सगळ्यात पुढे कोण? पाणी! ग्लायकॉलची उष्णता धरण्याची ताकद पाण्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त आहे. मग ग्लायकॉल घालायचंच कशाला? कारण साधं पाणी १०० अंशाला उकळतं, तर ५०:५० मिश्रण साधारण १०७ अंशाला. त्यात रेडिएटरच्या झाकणामुळे आत दाब राहतो, त्यामुळे उकळण्याची मर्यादा आणखी वर जाते. दुसरं, पाणी शून्याला गोठतं, हे मिश्रण साधारण उणे ३७ अंशापर्यंत गोठत नाही.

इथे गिऱ्हाईक हमखास विचारतं, "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? पाणीच घालतो की!" त्याला सांगा, "काका, लेह-मनालीला गाडी नेणार नसाल तर गोठण्याचं सोडून द्या. पण मे महिन्यात भरलेली गाडी खंबाटकी किंवा कसारा घाट चढते, तेव्हा उकळण्याचा प्रश्न येतोच. आणि गंजाला ऋतू नसतो." साध्या पाण्यात गंज रोखणारं काहीच नाही. लोखंडी भागाला गंज, अ‍ॅल्युमिनियमला खड्डे, आणि तो सगळा गाळ जाऊन बसतो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत. मेकॅनिक ज्याला 'रेडिएटर चोक झाला' म्हणतात, ते हेच.

आता उलट चूक बघा. "महागाचं आहे तर नुसतंच ओतू" म्हणून कॉन्सन्ट्रेट तसंच भरलं, तर उष्णता कमी वाहते. शिवाय नुसतं ग्लायकॉल उणे १३ अंशाच्या आसपासच गोठतं, म्हणजे मिश्रणापेक्षा लवकर. जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं, हे इथे लागू नाही.

पाणी कोणतं?

डिमिनरलाइज्ड किंवा डिस्टिल्ड पाणी. सोप्या भाषेत, पेट्रोल पंपावर आणि बॅटरीच्या दुकानात मिळतं ते बॅटरीचं पाणी. बॅटरीचं अ‍ॅसिड नव्हे, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा.

बोअरचं पाणी घालायचं नाही. आपल्याकडे बऱ्याच भागांत ते जड असतं. चहाच्या पातेल्याला आणि गिझरच्या कॉइलला जो पांढरा थर चढतो, तोच इंजिनाच्या आत चढतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. पाण्यातले क्लोराइड अ‍ॅल्युमिनियम खातात, ते वेगळंच. पाणी उकळून गार केलं तरी क्लोराइड जात नाहीत. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण शून्य नसतात, आणि काही मशीन चवीसाठी खनिजं परत मिसळतात. बाटलीबंद पाण्याचंही तेच.

घाटात अडकलंच कुणी, तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर स्वच्छ पाणी घालून गाडी गॅरेजपर्यंत आणायला हरकत नाही. पण नंतर सिस्टिम धुऊन नवीन मिश्रण भरायचं. ती तात्पुरती सोय आहे.

प्रमाण किती?

आधी लेबल वाचा. 'रेडी टू यूज' किंवा 'प्री-मिक्स' लिहिलंय? मग पाण्याचा थेंबही घालायचा नाही, कंपनीने आधीच घातलंय. 'कॉन्सन्ट्रेट' लिहिलंय? मग बाटलीवरचं प्रमाण बघायचं. बहुतेक कार कंपन्यांच्या पुस्तिकेत ५०:५० च्या आसपासचं मिश्रण असतं. बाजारात १:३ लिहिलेल्या बाटल्याही मिळतात, म्हणजे एक भाग कूलंट, तीन भाग पाणी. बाटलीत सगळंच ग्लायकॉल धरलं तरी मिश्रणात ते २५ टक्क्यांवर जात नाही. स्वस्त का पडतं, ते लक्षात आलं ना? शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा.

आता टॉप-अपचं गणित. समजा सिस्टिम ५ लिटरची आहे आणि ५०:५० मिश्रण भरलंय, म्हणजे अडीच लिटर कूलंट. त्यातलं १ लिटर गळालं आणि मालकाने साधं पाणी घातलं. आता कूलंट उरलं २ लिटर, म्हणजे ४० टक्के. पुन्हा तसंच झालं तर ३२ टक्के. तिसऱ्यांदा २५.६ टक्के. तीन वेळा "जरा पाणी टाक रे" म्हटलं की संरक्षण जवळपास निम्म्यावर. बाटलीतली पातळी मात्र मॅक्सच्या खुणेवरच दिसत राहते!

सर्व्हिस सेंटर टाकणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. सिस्टिम धुतल्यावर सगळं पाणी बाहेर येत नाही. ५ लिटरच्या सिस्टिममध्ये १ लिटर पाणी आत राहिलं आणि वर ४ लिटर रेडीमेड भरलं, तर मिश्रण ४० टक्केच होतं. अशा वेळी आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट घाला आणि उरलेली जागा डिमिनरलाइज्ड पाण्याने भरा. शंका असेल तर रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून मिश्रण तपासता येतं. गिऱ्हाइकासमोर तपासलंत, तर जास्त बोलावंच लागत नाही.

आता धंद्याचं गणित

बीबीएला 'कॉस्ट पर युनिट' शिकवतात, ते काउंटरवर असं वापरायचं. आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत, तुमच्या बाजारातले भाव घाला. कॉन्सन्ट्रेट ४०० रुपये लिटर, पाणी २० रुपये लिटर. ४२० रुपयांत २ लिटर, म्हणजे २१० रुपये लिटर. रेडीमेड समजा २५० रुपये लिटर. पूर्ण सिस्टिम भरायची असेल तर कॉन्सन्ट्रेट परवडतं. अर्धा लिटर टॉप-अप हवा असेल तर रेडीमेड द्या, मोजायची भानगड नाही. आणि भावाची तुलना नेहमी तयार मिश्रणाच्या लिटरवर करा, बाटलीच्या किमतीवर नाही.

कॉन्सन्ट्रेटच्या शेजारीच डिमिनरलाइज्ड पाण्याचे कॅन लावा. दोन्ही एकत्र विकले जातात, आणि गिऱ्हाईक घरी जाऊन नळाखाली बाटली धरत नाही.

काउंटरवर विचारायचे चार प्रश्न

१. गाडी कोणती, आणि पुस्तिकेत कोणतं कूलंट लिहिलंय? रंगावर जाऊ नका. एकाच रंगाची दोन कूलंट वेगळ्या प्रकारची असू शकतात, आणि वेगळे प्रकार मिसळले की गंजरोधक रसायनं कमजोर पडतात. बाटलीवर आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ असं मानक लिहिलंय का, ते बघा.

२. टॉप-अप की पूर्ण बदल?

३. याआधी साधं पाणी घातलं होतं का? घातलं असेल तर आधी धुवायला सांगा.

४. कितव्यांदा कमी झालंय? ही बंद सिस्टिम आहे, कूलंट वारंवार कमी व्हायला नको. होत असेल तर होज पाइप, वॉटर पंप, झाकण किंवा हेड गॅस्केट तपासायला मेकॅनिककडे पाठवा. दर महिन्याला बाटली विकण्यापेक्षा एकदा खरं सांगणं फायद्याचं. पुढचं ऑइल आणि फिल्टर तो तुमच्याकडूनच नेईल.

आणि सुरक्षिततेचं दर वेळी सांगा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर येतं. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड असतं. मुलांपासून, कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सुटं कूलंट कधीच देऊ नका. जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही, कॅनमध्ये साठवून वापरलेल्या ऑइलसारखंच वेगळं द्यायचं.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या भागातल्या तीन दुकानांत जा आणि तीन कंपन्यांच्या बाटल्यांची लेबलं नीट वाचा. प्रकार, प्रमाण, मानक आणि तयार मिश्रणाचा लिटरमागे भाव, असे चार रकाने वहीत आखा आणि भरा. दुकानदाराला विचारा, "यात पाणी कोणतं घालू?" जिथे नीट उत्तर मिळत नाही, तिथे तुमच्या दुकानाला जागा आहे.