न आलेल्या मालाचे पैसे

भोकरदनच्या एखाद्या शेतकऱ्याने ऑनलाइन बाजारातून फवारणीचा पंप मागविला, पैसे आगाऊ भरले आणि पंप आलाच नाही, तर त्याने स्वस्थ बसू नये. मागणीचा क्रमांक व पावती जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यास लिहावे. २०२० च्या नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच व महिन्याभरात निकाल द्यावयाचा असतो. दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

तरीही पैसे परत न मिळाल्यास ग्राहक आयोग आहेच. १९८६ च्या कायद्यात ग्राहकाचे राहते ठिकाण विचारात घेतले जात नसे. २०१९ च्या कायद्याने, कंपनी कितीही दूर असो, तक्रार जालन्यालाच दाखल करता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्कही नाही. मात्र मुदत दोन वर्षांची. फवारणीचे दिवस तर परत येत नाहीत. म्हणून पैशांबरोबर नुकसानभरपाईही मागता येते.