ओले केस, ओढणी आणि ड्रायर

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळी सातच्या सुमारास माझ्या बहिणीची थोरली मुलगी घरी आली आणि दारातच रडू लागली. कामठीहून रोज नागपूरला कॉलेजात जाणारी, एकोणीस वर्षांची, हिमतीची मुलगी. तिला रडताना मी फारसे कधी पाहिले नव्हते. तिने ओढणी मागे सरकवली तेव्हा कारण कळले. कानामागची एक जाड बट मधोमध तुटत होती. बोटांनी हलके ओढले तरी केसांचे तुकडे हातात येत होते, आणि वास यायचा तो जळक्या पिसांसारखा.

"परवा पाहुणे येणार आहेत खाला, आणि हे बघा."

पाहुणे म्हणजे रिश्त्याची माणसे. बायका आत येऊन बसतात, मुलीशी दोन शब्द बोलतात आणि ओढणी सरकली की केसही बघून घेतात, हे आपल्या घरांत कुणाला सांगायला नको. या मुलीचे केस दाट आणि कुरळे. लहानपणापासून 'झिपरी' हे नाव ऐकतच ती मोठी झाली. पाहुण्यांसमोर केस सरळ दिसावेत म्हणून घरातल्याच कुणी ड्रायर आणून दिला. पंधरा दिवस ती रोज पहाटे उठून न्हायची, गोल ब्रशवर ओले केस ताणायची आणि ड्रायरचे तोंड केसांना अगदी टेकवून गरम हवा मारायची. सरळ झालेले केस नागपूरला पोहोचेपर्यंत पुन्हा वळायचे. मग दुसऱ्या दिवशी आणखी जास्त गरम हवा.

मी पार्लर चालवत नाही आणि डॉक्टरही नाही. शाळेत विज्ञान शिकवते. त्या दिवशी शाळेतून आल्यावर आम्ही दोघी ड्रायर आणि पट्टी घेऊन बसलो. तेव्हा जे समजले ते इथे लिहिते आहे, कारण कुरळे केस असलेल्या मुली आपल्या घराघरांत आहेत, आणि आता ड्रायरही घराघरांत पोहोचला आहे.

कुरळा केस वेगळा का असतो?

केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर सरळ केस साधारण गोल दिसतो आणि कुरळा केस चपटा, लंबगोल. केसाच्या बाहेरून घराच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले पातळ पापुद्रे असतात. तेच केसाचे कवच. जिथे केस वळतो तिथे या कौलांवर ताण येतो, आणि कुरळ्या केसाला तर पावलोपावली वळण. म्हणून तो तिथेच तुटतो.

दुसरी गोष्ट तेलाची. टाळूतून जे नैसर्गिक तेल पाझरते ते सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते. कुरळ्या केसावर ते वळणावळणांत अडते. मुळाशी केस तेलकट आणि टोकाला सुतळीसारखा कोरडा, ही तक्रार त्यामुळेच. हा दोष नव्हे, केसाची घडणच तशी आहे.

केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ४० सेंटिमीटर लांब केसाचे टोक तीन वर्षांहून जुने असते. तीन वर्षांची उन्हे, साबण, कंगवे आणि ड्रायर त्याने सोसलेले असतात. टाळूबाहेर आलेला केस जिवंत नसतो. जखम भरते तसा जळलेला केस भरून येत नाही. तो कापावाच लागतो.

पाणी आणि वळण

ओला झाला की केस फुगतो, मऊ होतो आणि ताणला जातो. केसाला आकार देणारे काही बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. ज्या आकारात केस वाळेल, त्या आकारात ते जुळतात. रात्री ओली वेणी घातली की सकाळी लाटा दिसतात त्या यामुळेच. आणि हवेतला दमटपणा लागला की तेच बंध पुन्हा सुटतात. म्हणून जुलै-ऑगस्टात कितीही तापवून सरळ केलेले केस नागपूरला पोहोचेपर्यंत परत वळतात. ड्रायरने कुरळेपणा कायमचा जात नाही, जाऊ शकतही नाही. त्यासाठी उष्णता वाढवत नेणे म्हणजे केस जाळणे.

ओला केस तापवण्याचा एक खास धोका आहे. केसाच्या आत अडकलेले पाणी फार उष्णतेने वाफ होऊन फुगते आणि केसाच्या पोटात बुडबुडे तयार होतात. त्वचारोगतज्ज्ञ याला 'बबल हेअर' म्हणतात. असा केस बुडबुड्यापाशीच तुटतो. माझ्या भाचीसारख्या त्या लेकीचे तेच झाले असावे. अजून ओलसर असलेल्या केसांवर सरळ करण्याची गरम पट्टी फिरवताना 'चर्र' असा आवाज आला, तर समजावे की आत पाणी उकळते आहे.

मग ओलेच राहू द्यावेत का?

तेही नाही. इथेच आपल्या घरांचा प्रश्न येतो. डिसेंबर-जानेवारीत फज्रच्या आधी न्हाणे होते. केस निथळायच्या आत ओढणी किंवा स्कार्फ घट्ट बांधून नमाज, मग स्वयंपाक, मग तोच स्कार्फ बांधून बस किंवा ऑटो. केस दुपारपर्यंत ओले. कोंडलेल्या ओलाव्यात आणि उबेत टाळूवर राहणारी बुरशी वाढते, कोंडा आणि खाज होते, कुबट वास येतो. शिवाय फुगलेला मऊ केस घट्ट अंबाड्यात आणि पिनांत ताणला जातो तो वेगळाच.

२०११ साली दक्षिण कोरियातील संशोधकांचा याच विषयावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कापलेल्या केसांच्या बटा त्यांनी तीस वेळा धुतल्या आणि वेगवेगळ्या अंतरावरून ड्रायरने वाळवल्या. काही बटा नुसत्याच वाळू दिल्या. ड्रायर १५ सेंटिमीटरवर असताना केसांपाशी तापमान ४७ अंश सेल्सिअस होते, १० सेंटिमीटरवर ६१ अंश आणि ५ सेंटिमीटरवर ९५ अंश. तापमान जसे वाढले तसे केसाचे वरचे कवच अधिक खराब झाले. पण नुसत्या वाळवलेल्या बटाही सुटल्या नाहीत. त्या फार वेळ ओल्या राहिल्या आणि केसाच्या आतल्या थरांना जोडणारा भाग त्यांच्यातच बिघडलेला आढळला. संशोधकांचा निष्कर्ष असा की, १५ सेंटिमीटरवरून, ड्रायर सतत हलवत केस वाळवणे हे आपोआप वाळू देण्यापेक्षा कमी नुकसानीचे. हा प्रयोग कापलेल्या बटांवरचा होता, आपल्या डोक्यावरच्या कुरळ्या केसांवरचा नव्हे. तरी दिशा कळायला तो पुरेसा आहे.

४७ अंश म्हणजे किती? मे महिन्यात नागपूर-कामठीत दुपारी पारा ४५ च्या वर जातो. म्हणजे १५ सेंटिमीटरवरून येणारी हवा आपल्या मे महिन्याच्या दुपारसारखी. आणि ५ सेंटिमीटरवरून? उकळायला आलेल्या चहासारखी. मुलांच्या कंपासपेटीतली छोटी पट्टी बरोबर १५ सेंटिमीटरची असते. ती एकदा ड्रायर आणि केस यांच्यामध्ये धरून पाहा, अंदाज हातात बसेल.

न्हाण्याआधी आणि न्हाल्यावर

१. *तेल आधी, नंतर नाही.* खोबरेल तेलाबद्दल आपल्या आजीचे म्हणणे प्रयोगशाळेतही खरे ठरले आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधक रेले आणि मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्यामुळे केसातून निघून जाणारे प्रथिन फक्त खोबरेल तेलाने कमी झाले. खोबरेलातील लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकते, हे त्याचे कारण त्यांनी दिले. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे ध्यानात ठेवावे, पण तेल स्वस्त आहे आणि घरात असतेच. न्हाण्याच्या तासभर आधी, विशेषतः टोकांना लावावे. तेलाने निथळणाऱ्या केसांवर मात्र ड्रायर फिरवू नये.

२. *गुंता पाण्यात सोडवा.* सरळ केस थोडे वाळल्यावर विंचरावेत, पण कुरळे केस कोरडे विंचरले की तुटतात आणि फुलतात. कंडिशनर लावलेले असतानाच, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून सुरुवात करून वर वर जावे.

३. *टॉवेलने घासू नका.* टॉवेलच्या खरबरीत धाग्यांत केसांची कौले उचकटतात. जुनी सुती ओढणी किंवा बनियन घेऊन केस मुठीत दाबत पाणी टिपावे. ड्रायरचे निम्मे काम तिथेच होते.

४. *रोज धुण्याची गरज नाही.* कुरळ्या केसांना आठवड्यातून एक-दोनदा धुणे बहुतेक वेळा पुरते. गुस्लसाठी दर वेळी वेणी सोडून सगळे केस धुवावेच लागतात असे अनेक बहिणींना वाटते. सहीह मुस्लिममध्ये हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी हाच प्रश्न विचारल्याची हदीस आहे आणि त्यात घट्ट वेणी न सोडण्याची सवलत मिळते. पाणी मुळांपर्यंत पोहोचले पाहिजे. प्रत्येक प्रसंगाचा मसला आपल्या आलिमांकडून समजून घ्यावा.

ड्रायर हातात घेतल्यावर

केस निथळत असताना ड्रायर लावू नये. पाणी टिपून, पंख्याखाली थोडा वेळ बसून, केस निम्म्याहून जास्त वाळले की मग सुरुवात करावी. उष्णतेपासून बचाव करणारे सीरम घरात असेल तर ते आधी टोकांना लावावे.

केसांचे चार भाग करून पिना लावाव्यात आणि एकेक भाग घ्यावा. आच मध्यम किंवा कमी. हवा मुळाकडून टोकाकडे जाऊ द्यावी म्हणजे कौले मिटून बसतात. आधी मुळे वाळवावीत, कारण ओढणीखाली ओलावा तिथेच कोंडतो. टोके सर्वांत जुनी आणि नाजूक, त्यांना शेवटी आणि सर्वांत कमी हवा. हात एका जागी थांबवू नये. ड्रायर धरला आहे तेवढ्याच अंतरावर आपला तळवा धरून पाहावा. तळव्याला सोसवत नसेल तर केसालाही सोसवणार नाही.

वळणे टिकवायची असतील तर डिफ्यूझर लावावा. हे वाटीसारखे, आतून बोटे असलेले तोंड असते, ते हवेचा जोर पसरवते. बट खालून त्या वाटीत घ्यावी, वर उचलून धरावी आणि हळूच सोडावी. केस सरळ हवे असतील तर अधूनमधून, एखाद्या समारंभापुरते करावे, ताण हलका ठेवावा आणि त्याच दिवशी वरून गरम पट्टी फिरवू नये.

केस किंचित दमट असतानाच थांबावे. शेवटी थंड हवेचे बटण दाबून एखादा मिनिट हवा द्यावी. केस पूर्ण गार झाल्याशिवाय ओढणी घेऊ नये.

ड्रायरच्या मागची जाळीही पाहत जावी. ज्या घरात माग किंवा शिलाई मशीन चालते तिथे सुताची लव जाळीत अडकते, हवा कमी पडते आणि ड्रायर जास्त तापतो. विजेचेही थोडे. १२०० वॉटचा ड्रायर दहा मिनिटे चालला तर ०.२ युनिट लागते, ते फार नाही. पण २००० वॉटचा ड्रायर ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला जोडू नये, त्याला १६ अँपिअरचे सॉकेट लागते. आणि न्हाणीघरात किंवा ओल्या हाताने तर कधीच नको.

आपले ऋतू

उन्हाळ्यात ड्रायर कपाटात ठेवावा. गच्चीतल्या झळा तोच काम करतात, तेव्हा भर उन्हातही केस मोकळे टाकू नयेत. सावलीत, पंख्याखाली वाळवावेत. कूलरसमोर बसून केस वाळत नाहीत, कारण कूलरची हवा पाणी घेऊनच येते. पावसाळ्यात मुळांपुरता ड्रायर वापरावा आणि वळणे वळू द्यावीत. ड्रायरची खरी गरज थंडीत, पहाटे न्हावेच लागले तर.

पार्लरमध्ये 'केराटिन' या नावाने जे सरळ करून देतात त्यातल्या काही द्रव्यांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. तो कर्करोगकारक मानला गेला आहे. डोळे चुरचुरले तर तिथून उठावे.

तुटणे आणि गळणे यातला फरकही बघावा. पडलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर तो मुळापासून आला आहे. ठिपका नसेल तर मधून तुटला आहे. तुटणे बहुधा आपल्या हाताळणीचे फळ. मुळापासून फार केस जात असतील किंवा टाळूवर चट्टे दिसत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.

पाहुणे आले तेव्हा

त्या संध्याकाळी आम्ही जळलेली बट कापली. मग बाकीचे केसही तिच्याबरोबरीने खांद्यापर्यंत आणले. कात्री चालत होती तोवर ती गप्प होती. दुसऱ्या दिवशी तिने खोबरेल लावले, न्हाली, नानीच्या जुन्या सुती ओढणीत केस टिपले, आणि पट्टीच्या अंतराने, मध्यम आचेवर, वळणे न मोडता ते वाळवले.

पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलेच, "केस कुरळे आहेत वाटतं?" कोपऱ्यात तसबीह फिरवत बसलेली माझी अम्मी म्हणाली, "हो. माझ्यावर गेली आहे." आणि तिने आपल्या डोक्यावरची ओढणी जराशी मागे सरकवली. पांढऱ्या झालेल्या त्या केसांत अजून तीच वळणे होती. आम्ही सगळ्या हसलो, पाहुण्या बाईही.

तो रिश्ता जुळला नाही. अडचण निघाली ती पुढच्या शिक्षणाची, केसांची नव्हे. ती मुलगी अजूनही पहाटे उठते, नागपूरला जाते. ड्रायर तिच्याकडे आहे आणि त्याच्या वायरीला रबरबँडने एक छोटी पट्टी बांधलेली आहे. घरात तिला आता कुणी झिपरी म्हणत नाही. कुणी चुकून म्हटलेच तर नानीकडे बोट दाखवते.