रक्तातली साखर मोजणारा रसायनतज्ज्ञ

लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत स्टोव्हशेजारी काचेची एक परीक्षानळी कायम उभी असे. आईला मधुमेह होता. रोज त्या नळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण ५ मिलिलिटर घ्यायचे, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचे, हे काम माझ्याकडे होते. द्रावण निळे राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी होत ते विटकरी झाले, तर साखर भरपूर. चाळीत फ्रीज कुणाकडेच नव्हता, त्यामुळे इन्सुलिनची बाटली पिशवीत गुंडाळून एका माठात ठेवलेली असे.

१९८२च्या गिरणी संपानंतरचे ते दिवस. गणपतीत घरी पाहुण्यांची ये-जा चालू होती. आईने इंजेक्शन घेतले, पण जेवायचे राहून गेले. संध्याकाळी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, ती असंबद्ध बोलू लागली. दुपारची तपासणी निळी आली होती. साखर वाढलेली नाही म्हणजे दगदगीचा थकवा असणार, असे समजून आम्ही तिला निजवले. तेवढ्यात शेजारच्या काकू डोकावल्या. त्या केईएम रुग्णालयात आया होत्या. आईला पाहताच म्हणाल्या, ‘‘भाऊजी, आधी साखर आणा. वहिनींची साखर उतरलीय.’’ साखरेचे पाणी पाजल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आई भानावर आली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. निळ्या रंगाने आपल्याला फसवले कसे?

उत्तर मिळाले ते पुढे रसायनशास्त्र शिकताना. रक्तातली साखर साधारणपणे दर १०० मिलिलिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, तरच मूत्रपिंडे ती लघवीत सोडतात. म्हणजे साखर १७० असो, १०० असो वा जिवावर बेतणारी ४० असो, नळीतला रंग निळाच. शिवाय लघवी मागच्या काही तासांची गोष्ट सांगते, या घटकेची नाही. या घटकेचे जाणून घ्यायचे तर रक्तातच मोजायला हवे. ते घरच्या घरी शक्य झाले, त्याची सुरुवात लेलँड क्लार्क या अमेरिकन रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत झाली. गंमत अशी की, तो साखरेच्या शोधात निघालाच नव्हता.

क्लार्कचा जन्म १९१८चा. जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून तो ओहायो राज्यातील यलो स्प्रिंग्ज या छोट्या गावात संशोधन करू लागला. हृदयाची शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाच्या रक्तात शरीराबाहेर प्राणवायू मिसळायचे एक यंत्र त्याने तयार केले. त्यावरचा त्याचा एक लेख मात्र संपादकांकडून साभार परत आला. कारण विचार करण्याजोगे होते. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या रक्तात प्राणवायू किती आहे, हे लेखक मोजून सांगू शकत नव्हता!

दुसरा एखादा चिडून गप्प बसला असता. क्लार्क मोजण्याच्या मागे लागला. प्लॅटिनमच्या तारेवर प्राणवायूची रासायनिक क्रिया होते आणि बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो, हे ठाऊक होते. अडचण रक्ताची होती. त्यातली प्रथिने तारेवर साचत आणि मापन बिघडे. १९५४ साली क्लार्कने तारा पॉलिथिनच्या पातळ पडद्याआड ठेवल्या. पडद्यातून प्राणवायू आत जाई, प्रथिने बाहेरच राहत. जितका प्राणवायू, तितका प्रवाह. ‘क्लार्क इलेक्ट्रोड’ या नावाने हे साधन पुढे जगभर वापरले गेले.

१९६२ साली त्याने पुढचे पाऊल टाकले. ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम आहे. रक्तात असंख्य पदार्थ असले, तरी ते नेमके ग्लुकोजलाच गाठते आणि ही क्रिया होताना प्राणवायू खर्च होतो. क्लार्क आणि त्याचे सहकारी चॅम्प लायन्स यांनी सुचवले, की हे विकर पडद्याजवळ अडकवून ठेवा. प्राणवायू जितका घटेल, तितके ग्लुकोज रक्तात आहे. सजीवांतला पदार्थ ओळखणार, वीज त्याचा आकडा सांगणार. आज ज्याला ‘बायोसेन्सर’ म्हणतात, त्याची ही सुरुवात.

कल्पना आणि घरातले उपकरण यांत मात्र पंचवीस वर्षांचे अंतर होते. या तत्त्वावरचे पहिले यंत्र १९७५ साली यलो स्प्रिंग्जच्याच एका कंपनीने बाजारात आणले. ते टेबलावर ठेवण्याचे, प्रयोगशाळेपुरते होते. मग १९८०च्या दशकात इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी प्राणवायूऐवजी फेरोसीन या लोहयुक्त रसायनावर इलेक्ट्रॉन वाहून नेण्याचे काम सोपवले आणि विकर एका पट्टीवर बसवले. त्यातून १९८७ साली पेनाएवढे यंत्र विक्रीला आले. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतही कमी खर्चाच्या ग्लुकोमीटरवर काम झाले आहे. क्लार्क २००५ साली वारला. लाखो घरांत रोज बोटाला सुई टोचली जाते, पण त्याचे नाव फारसे कुणाला ठाऊक नसते.

यंत्र घरात आले, म्हणजे काम संपले असे नाही. पट्टीवरचे विकर नाजूक असते. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत डबीचे झाकण उघडे राहिले, तर पट्ट्या खराब होतात आणि आकडा चुकतो. आंबा किंवा लाडू खाऊन हात न धुता बोट टोचले, तर बोटावरची साखरही मोजली जाते. आकडा ७०च्या खाली आला आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता तडक रुग्णालय गाठावे. औषधाचे प्रमाण आपल्या मनाने बदलू नये, ते डॉक्टरांवर सोडावे.

२००१ साली मी आईसाठी ग्लुकोमीटर घेतला. पहिल्यांदा तिचे बोट टोचताना माझाच हात कापत होता. आकडा आला, १४२. आईने चष्मा वर करून तो पाहिला आणि विचारले, ‘‘म्हणजे कोणता रंग रे?’’

‘‘निळाच,’’ मी म्हणालो. ‘‘पण आता निळा म्हणजे किती, ते कळतंय.’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)