निकामी बॅटऱ्या, सौरपट्ट्या आणि आपली जमीन

बॅटरीवर चालणारा फवारणी पंप, विहिरीवरील स्टार्टर, मोबाइल आणि सौरपंप हीं साधनें शेतींत आतां चांगलींच रुळलीं आहेत. तीं विकत घेतांना आपण दहा ठिकाणीं चौकशी करतों. परंतु तीं निकामी झाल्यावर त्यांचें काय करावें, याचा विचार क्वचितच होतो. जुनी बॅटरी गोठ्याच्या कोपऱ्यांत पडून राहते, नाहीं तर भंगारवाल्यास वजनावर दिली जाते. अशा मालाविषयींचे सरकारी नियम शहरवासीयांसाठीं आहेत, असा पुष्कळांचा समज आहे. तो दूर व्हावा, म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

या साधनांतील विष जमिनींत गेलें म्हणजे काय होतें, याचे दोन दाखले देतों. जपानांत तोयामा प्रांतांतील जिन्झू नदीच्या वरच्या अंगास कामिओका येथें धातूची खाण होती. तेथील कॅडमियम नदीच्या पाण्याबरोबर भातखाचरांत उतरलें, पिकानें तें शोषून घेतलें, आणि तो भात वर्षानुवर्षें खाणाऱ्यांचीं, विशेषतः वयस्क स्त्रियांचीं, हाडें ठिसूळ झालीं. १९६८ सालीं तेथील सरकारनें या रोगाचें कारण कॅडमियम असल्याचें मान्य केलें. खाचरांची माती सुधारण्याचें काम १९७९ सालीं सुरू झालें, तें २०१२ सालीं पुरें झालें. दुसरा दाखला आफ्रिकेंतील सेनेगल देशाचा. डाकार शहराजवळ जुन्या बॅटऱ्या फोडून शिसें काढण्याचा धंदा उघड्यावर चाले. तेथें २००७-०८ सालीं थोड्याच महिन्यांत १८ बालकें शिशाच्या विषानें दगावलीं. शिसें कुजत नाहीं व सहसा वाहूनही जात नाहीं. तें मातीच्या वरच्या थरांत पिढ्यान्पिढ्या राहतें.

आतां नियमांकडे वळूं. त्यांत दोन तत्त्वें आहेत. पहिलें असें कीं, विष मुळांत वस्तूंतच कमी घालावें. युरोपीय संघानें १ जुलै २००६ पासून हा निर्बंध अंमलांत आणला. आपल्याकडील पहिले नियम १ मे २०१२ पासून, व सध्याचे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. शिसें, पारा, षट्संयुजी क्रोमियम आणि आग रोखण्यासाठीं प्लास्टिकांत घालण्यांत येणारीं ब्रोमीनचीं दोन प्रकारचीं संयुगें यांचें प्रमाण वस्तूच्या कोणत्याही एकजिनसी भागांत शेंकडा ०.१ हून, आणि कॅडमियमचें शेंकडा ०.०१ हून अधिक असूं नये. म्हणजे एक किलो डाखांत शिसें फार तर एक ग्रॅम चालेल. जुन्या पद्धतीच्या डाखांत तें तिसऱ्या हिश्शाहून अधिक असे. कांहीं अपवाद नियमांतच दिलेले आहेत.

दुसरें तत्त्व असें कीं, ज्यानें वस्तु बाजारांत आणली, त्यानेंच तिच्या अखेरच्या विल्हेवाटीचा भार उचलावा. त्यानें ठराविक हिस्सा नोंदणीकृत कारखान्यांतून पुनरुपयोगांत आणविला पाहिजे. हा हिस्सा २०२३-२४ सालीं शेंकडा ६० होता. २०२७-२८ पासून तो शेंकडा ८० ठरविलेला आहे. सौरपट्ट्यांची तरतूद निराळी आहे: २०३४-३५ पर्यंत निकामी होणारा माल उत्पादकानें नियमानुसार सांठवून ठेवावयाचा आहे. बॅटऱ्यांसाठीं २०२२ चे स्वतंत्र नियम असून, निकामी बॅटरी इतर कचऱ्यांत न मिसळतां ती गोळा करणाऱ्या अगर पुनरुपयोग करणाऱ्या संस्थेकडे देणें, हें त्यांत वापरणाऱ्याचेंही कर्तव्य ठरविलें आहे.

याकरितां शेतकरी बंधूंनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या:

१. शिशाची बॅटरी फोडूं नये व तिच्यांतील आम्ल बांधावर अगर विहिरीजवळ ओतूं नये. तें केवळ आम्ल नसतें. त्यांत शिसेंही असतें. बॅटरी उभी, प्लास्टिकच्या घमेल्यांत, मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी ठेवावी. लिथियमची बॅटरी टोंचूं नये व उन्हांत टाकूं नये. ती पेट घेते.

२. तांब्यासाठीं वायरी जाळूं नयेत. त्या धुरांत घातक द्रव्यें असतात, आणि राख शेवटीं शेतांतच जाते.

३. नवी बॅटरी घेतांना जुनी दुकानदारास द्यावी व तिची वजावट पावतीवर लिहून घ्यावी. भंगारवाला चार रुपये अधिक देतो खरा. परंतु ती बॅटरी पुढें कोणत्या ओढ्याकांठीं फुटते, याची चौकशी कोणी करीत नाहीं.

४. फुटलेल्या सौरपट्टींतही उन्हांत वीज असते. तिला उघड्या हातांनीं स्पर्श न करतां पंप पुरविणाऱ्यास लेखी कळवावें.

एकेका शेतकऱ्याच्या दारांत एखाददुसरी बॅटरी असते, म्हणून ती नेण्यास कोणी येत नाहीं. हें काम विविध कार्यकारी सोसायट्यांनीं अंगावर घ्यावें. खतांच्या गोदामाला लागून नव्हे, तर निराळ्या, पक्क्या फरशीच्या खोलींत गांवच्या बॅटऱ्या गोळा कराव्या आणि वर्षांतून दोनदां नोंदणीकृत कारखान्याकडे पाठवाव्या. शिशाला भाव असल्यामुळें वाहतुकीचा खर्च त्यांतून निघणें कठीण नाहीं. ज्या सभासदांस हें पटेल, त्यांनीं आपल्या सोसायटीच्या येत्या वार्षिक सभेंत तसा ठराव मांडावा, अशी आमची विनंति आहे.